फॉरमॅट मारला, पण पुसलं काय?

पाचोऱ्यात जुना कॉम्प्युटर विकायला किंवा एक्स्चेंजला नेला की दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "भाऊ, डेटाचं टेन्शन घेऊ नका, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो." थोड्या वेळात स्क्रीनवर कोरंकरकरीत विंडोज उघडतं, डेस्कटॉपवर रिसायकल बिनशिवाय काही दिसत नाही आणि विकणारा निर्धास्तपणे पैसे मोजून घेतो. दुकानदार खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी मशीन पुढच्या गिऱ्हाइकासाठी तयार झालेलं असतं. मागच्या मालकाच्या फायली खरोखर गेल्या का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

सध्या असे जुने संच भरपूर निघताहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. त्यामुळे चांगली चालती मशीनं कागदोपत्री म्हातारी झाली. पाचोरा-भडगावकडचं असं मशीन जळगावच्या गोलाणी मार्केटात जाऊ शकतं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पोहोचू शकतं, आणि अगदीच मोडीत निघालं तर भंगाराच्या गाडीतून दिल्लीच्या सीलमपूरपर्यंत. तिथे इलेक्ट्रॉनिक कचरा सुटा करण्याचा मोठा धंदा चालतो. एकदा मशीन दुकानाबाहेर पडलं की त्याची हार्ड डिस्क कुणाच्या हातात आहे, हे सांगणं कुणाच्याच आवाक्यातलं नसतं.

या विषयावरचे सल्ले बहुधा घरच्या लॅपटॉपवाल्यासाठी लिहिलेले असतात : तुमचे फोटो, तुमचे पासवर्ड, तुमचं बँक खातं. तालुक्याच्या गावात गोष्ट वेगळी आहे. इथला कॉम्प्युटर एका माणसाचा नसतोच. आपले सरकार सेवा केंद्र, सीएससी, झेरॉक्सचं दुकान, कर सल्लागार, आडत, पॅथॉलॉजी लॅब, फोटो स्टुडिओ यांच्या एकेका हार्ड डिस्कवर आसपासच्या खेड्यांतली शेकडो माणसं बसलेली असतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो. मशीन विकतो एक जण, आणि जातं सगळ्यांचं.

सेवा केंद्रातल्या एखाद्या मशीनचा ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडून पाहिला तर हे लगेच पटेल. ई-आधारच्या पीडीएफ, एकाखाली एक. नाव सारखं झालं म्हणून कंसात एक, दोन, तीन असे आकडे पडलेले. त्यांच्यामध्ये डिजिटल सहीचे सात-बारा, उत्पन्नाचे दाखले, पासबुकाच्या पहिल्या पानाचे स्कॅन, कुणाच्या तरी सहीचा आणि अंगठ्याचा फोटो. २०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा कपाशीवाल्या शेतकऱ्यांनी केंद्रांपुढे रांगा लावल्या. प्रत्येक अर्जाला आधार, सात-बारा, पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र. जुलै २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि तेच घराघरातल्या बायकांच्या कागदांचं झालं. अर्ज भरून झाला, पावती हातात पडली, माणूस बस पकडून गावी गेला. फायली मशीनवर राहिल्या. घाईच्या दिवसांत कोण कशाला पुसत बसतो!

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून काही जण निश्चिंत असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल. नाव सुनंदा, जन्म १९७४चा, तर एसयूएनए१९७४. ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. नाव माहीत असेल तर उरतो फक्त सालाचा अंदाज, आणि तोही पासबुकाच्या शेजारी पडलेल्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलेला असतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी पीडीएफ एकदा उघडून पासवर्डशिवायची प्रत सेव्ह केलेली असते, कारण दर वेळी कोण टाइप करणार.

२७ मे २०२२ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली होती : आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, आणि इंटरनेट कॅफेतल्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड केलंच तर त्या प्रती तिथून कायमच्या डिलीट करा. गैरसमज होईल म्हणून केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २९ मे रोजी ती मागे घेतली. चर्चा झाली ती सगळी छायाप्रतींवरून : हॉटेलात आधार द्यायचं की नाही, वगैरे. दुसरी ओळ कुणी फारशी मनावर घेतली नाही. माझ्या मते खरी कामाची ओळ तीच होती. अडचण ‘कायमच्या’ या शब्दात होती, कारण ते कसं करायचं हे बहुतेकांना माहीत नसतं.

डिलीट दाबल्यावर आत काय होतं? विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस नावाची मांडणी असते. तिच्यात मास्टर फाइल टेबल असतं : प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार आणि ती डिस्कवर कुठे कुठे पडली आहे त्याची नोंद. फाइल डिलीट केली, रिसायकल बिन रिकामा केला, शिफ्ट-डिलीट मारलं, तरी होतं एवढंच की त्या नोंदीवर ‘मोकळी’ अशी खूण होते आणि ती जागा पुढच्या फायलीला द्यायला हरकत नाही असं ठरतं. सात-बाऱ्यावरून नाव कमी झालं म्हणून शेतातली कपाशी उपटली जात नाही. दुसरा कुणी नांगर घालेपर्यंत ती उभीच असते. क्विक फॉरमॅट म्हणजे तर दप्तरच नवं आणणं. जुन्या नोंदी दिसत नाहीत, पण जमिनीला कुणी हात लावलेला नसतो. आणि नवं विंडोज टाकताना होतो तो क्विक फॉरमॅटच.

नोंद गेली तरी फाइल सापडते, कारण फायलींना स्वतःची ओळख असते. जेपीईजी फोटोचे पहिले तीन बाइट ठरलेले आहेत : एफएफ, डी८, एफएफ. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हापुढे ‘पीडीएफ’ अशी होते. फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते टेबलाकडे ढुंकूनही बघत नाही. डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचत जातं, अशी सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलतं आणि वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं. नावं परत येत नाहीत, चित्रं येतात. चुकून उडालेले लग्नाचे फोटो परत मिळवण्यासाठी स्टुडिओवाले ज्याचे आभार मानतात तेच हे सॉफ्टवेअर. वापरायला कुणी हॅकर लागत नाही. दुपारभर मोकळा वेळ असलेला कॉलेजचा पोरगाही पुरतो.

आणखी एक गफलत आपल्याकडे खास होते. आपल्या मशीनमध्ये एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. विंडोज सीमध्ये असतं, म्हणून ‘फॉरमॅट मारला’ म्हणजे सी फॉरमॅट केला. डी आणि ई जसेच्या तसे राहतात, आणि कामाच्या फायली तर बहुतेक जण मुद्दाम डीमध्येच ठेवतात, ‘विंडोज उडालं तरी डेटा राहावा’ म्हणून. अशा मशीनवर फोटोरेकचीही गरज नाही. माय कॉम्प्युटर उघडायचं की झालं.

२००३ साली सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट या दोघा संशोधकांनी अमेरिकेत यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांतल्या १२९ वाचता आल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या जेमतेम १२. बाकीच्यांवर हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक, पत्रं, वैद्यकीय माहिती. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. हा काळ जुना म्हणून सोडून द्यावा, तर सप्टेंबर २०२२मध्ये मॉर्गन स्टॅनली या बड्या वित्तसंस्थेला अमेरिकेच्या रोखे नियामकाने साडेतीन कोटी डॉलर दंड लावला. जुने सर्व्हर आणि डिस्क मोडीत काढायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीकडे दिलं होतं. तिला डेटा पुसण्याचा काही अनुभव नव्हता. उपकरणं पुढे विकली गेली आणि काही इंटरनेटवरच्या लिलावात ग्राहकांच्या माहितीसकट निघाली. प्रश्न सुमारे दीड कोटी ग्राहकांचा होता. ओक्लाहोमातल्या एका सल्लागाराने त्यातल्या डिस्क विकत घेतल्या आणि मॉर्गन स्टॅनलीला कळवलं की तुमचा डेटा मला दिसतोय.

आता पुसायचं कसं. आधी मशीनमध्ये काय आहे ते बघायला हवं, कारण फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क आणि एसएसडी यांची जात वेगळी आहे.

हार्ड डिस्कचा उपाय सोपा आहे : प्रत्येक जागेवर दुसरं काहीतरी लिहायचं, शून्यं लिहिली तरी चालतं. किती वेळा लिहायचं यावरून इंटरनेटवर आणि दुकानांतही बऱ्याच दंतकथा चालतात. सात वेळा, पस्तीस वेळा. पस्तीसचा आकडा न्यूझीलंडच्या पीटर गटमनच्या १९९६च्या शोधनिबंधातला. त्या वेळी डिस्कवर माहिती नोंदवण्याच्या वेगवेगळ्या जुन्या पद्धती होत्या. त्या सगळ्यांना पुरेल अशी ती एकत्र यादी होती. एकाच डिस्कवर सगळे पस्तीस फेरे मारण्यात अर्थ नाही, असं गटमननेच पुढे लिहून ठेवलं, पण आकडा मात्र चिकटून बसला. अमेरिकेच्या मानक संस्थेची म्हणजे एनआयएसटीची २०१४ची मार्गदर्शिका सांगते की चुंबकीय डिस्कवर एकदा पुरतं लिहिलं की प्रयोगशाळेलाही मागचं काढणं सहसा जमत नाही. एक फेरा. पण तो सगळ्या डिस्कवर, सी-डी-ई सकट.

विंडोज ११मध्ये हे घरच्या घरी होतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. इथपर्यंत सगळे येतात आणि पुढे पुढे दाबत जातात. थांबायचं ते इथेच. ‘चेंज सेटिंग्ज’ अशी एक बारीक ओळ असते. तिच्यात ‘क्लीन डेटा’ सुरू करायचं आणि सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली काढा असा पर्याय दिसला तर तोही. ते न करता केलेला रिसेट म्हणजे पुन्हा ‘फॉरमॅट मारून देतो’च. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असेल तर फॉरमॅट करताना ‘क्विक’वरची खूण काढायची. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट खरोखर शून्यं लिहितो. मात्र तो एकेका भागापुरता असतो, म्हणून डी-ईलाही तेच करायचं. डिस्कपार्टचा ‘क्लीन ऑल’ आदेश सगळी डिस्क एका झटक्यात धरतो, पण डिस्कचा क्रमांक चुकला तर नको ती डिस्क जाते आणि कुणी विचारतही नाही.

वेळ लागतो, आणि घोडं तिथेच अडतं. जुनी डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहिते असं धरलं तर ५०० जीबीला दीड तास, एक टीबीला तीन तासांच्या घरात. दुकानदाराकडे गिऱ्हाईक उभं असताना तो हे करणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. हे काम विकायच्या आदल्या रात्री आपणच करायचं. लॅपटॉप चार्जरला लावून, आणि लाइट जायची शक्यता असेल तर डेस्कटॉप इन्व्हर्टरवर.

एसएसडीचं गणित निराळं. तिच्यात फिरणारं काही नाही. फ्लॅश चिपा असतात आणि त्यांतली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहू-पुसू देते. त्यामुळे आतला नियंत्रक लिखाण सगळीकडे सारखं वाटत राहतो, आणि काही जागा राखीव म्हणून विंडोजला दाखवतही नाही. आपण एका जागी शून्य लिहा म्हटलं की तो ते भलतीकडेच लिहितो, जुना मजकूर होता तिथेच काही काळ पडून राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११मध्ये हे चिपा सोडवून तपासलं. एकटी फाइल पुसणारं कोणतंही सॉफ्टवेअर एसएसडीवर भरवशाचं निघालं नाही. सगळी एसएसडी दोनदा भरून लिहिली तर बहुतेक वेळा काम होतं, दर वेळी नाही. एसएसडीत बसवलेला पुसण्याचा आदेशही काही कंपन्यांनी नीट बनवलेला नव्हता.

म्हणून एसएसडीला दोन रस्ते. एक, ती बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरून किंवा बायोसमधून ‘सिक्युअर इरेज’ देणं. हा आदेश थेट नियंत्रकाला जातो आणि कंपनीने तो नीट बनवलेला असेल तर राखीव जागेसकट सगळं मोकळं करतो. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो : पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट करून ठेवायची. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर, पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. मग डिस्कवर जे पडतं ते किल्लीशिवाय निव्वळ गिचमिड. विकताना किल्ली नष्ट झाली की मागे राहिलं तरी काय राहिलं? टी२ सुरक्षा-चिप किंवा अॅपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकमध्ये २०२१च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हेच करतं, आणि फार वेळही घेत नाही. बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली मात्र वेगळी जपून ठेवायची, नाहीतर विकण्याआधीच स्वतःच्या मशीनबाहेर उभं राहायची पाळी येते.

पुसण्याआधी काढून घ्यायच्या गोष्टी घाईत राहतात. आडतवाल्याची आणि जिनिंगवाल्याची टॅली : नुसता बॅकअप घेऊन भागत नाही, तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचा. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन मशीनच्या मागे तसाच खोचलेला राहतो, हे तर नेहमीचंच. केंद्रचालकाने अंगठ्याचं यंत्र मशीनबरोबर देऊन टाकू नये. एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली खाती बंद करावी. आणि मशीन आधीच विकून झालं असेल? गुगल खात्यात ‘तुमची उपकरणं’ या पानावर जाऊन ते मशीन साइन आउट करता येतं. व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेली उपकरणं काढता येतात. मग पासवर्ड बदलायचे, बँकेचा सगळ्यात आधी. आधारचं बायोमेट्रिक एमआधार ॲपमधून लॉक करता येतं. ते सेवा केंद्रात कागद देणाऱ्या प्रत्येकाने तसंही करून ठेवावं.

मशीन सुरूच होत नसेल तर पुसणार कशातून? तेव्हा डिस्क काढून घ्यायची. चार स्क्रू असतात, आणि जुन्या हार्ड डिस्कपायी किंमत फारशी पडत नाही. ती घरी राहू द्या, किंवा ड्रिलने तबकड्यांना आरपार भोकं पाडा. स्पीकरचं लोहचुंबक वरून फिरवून काही होत नाही; एसएसडीला तर कोणत्याच चुंबकाचं काही वाटत नाही, तिची प्रत्येक चिप फोडावी लागते. गंमत म्हणजे दुकानात काढून ठेवलेल्या जुन्या हार्ड डिस्क पुष्कळदा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये बसवल्या जातात. डीव्हीआर रात्रंदिवस लिहीत राहतो, डिस्क भरली की पुन्हा पहिल्यापासून. एखाद्याचे विम्याचे कागद अशा रीतीने कुणाच्या तरी गल्लीच्या चित्रणाखाली कायमचे पुसले गेलेले असतात. पण या योगायोगावर विसंबून कसं चालेल?

हार्ड डिस्क पुसल्यावर खात्री करायची सोय फुकट आहे. फोटोरेक किंवा तसंच काम करणारं रेकुव्हा आपणच चालवून बघायचं. काही निघालं नाही तर विकायला हरकत नाही.

२०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा स्वतःच्या घरगुती वापराला लागू नाही, पण लोकांची माहिती कामासाठी हाताळणाऱ्याला आहे. काम संपल्यावर माहिती पुसणं आणि ती सांभाळण्याची वाजवी व्यवस्था ठेवणं त्यात येतं. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. पाचोऱ्याच्या झेरॉक्सवाल्याला कुणी २५० कोटी लावणार नाही, हे उघड आहे. तरी दर शनिवारी डाउनलोड्स रिकामा करणारा केंद्रचालक विकायच्या दिवशी निम्मं ओझं आधीच उतरवून बसलेला असेल.

एक यंत्र या सगळ्यातून सुटतं, कारण त्याला कुणी कॉम्प्युटर म्हणत नाही. ते म्हणजे झेरॉक्स मशीन. दुकानांतली मोठी डिजिटल मशीनं पुष्कळदा परदेशात वापरून झाल्यावर इथे आलेली असतात, आणि अशा अनेक मशीनच्या पोटात हार्ड डिस्क असते. काचेवर ठेवलेल्या पानाचं चित्र तिच्यावर उतरू शकतं आणि राहू शकतं. अमेरिकेतल्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या संस्थेने भाड्याची कॉपियर परत करताना ही डिस्क पुसली नाही. सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांच्या आरोग्याच्या माहितीचा प्रश्न निघाला आणि २०१३मध्ये तिला बारा लाख डॉलरवर मोजावे लागले. आपल्याकडे आधारची जेवढी पानं कॉम्प्युटरवर जातात त्याहून कितीतरी जास्त या काचेवर पडतात. मशीनच्या सेटिंगमध्ये बहुधा डिस्क पुसण्याचा पर्याय असतो, ॲडमिनच्या पासवर्डमागे. तो पासवर्ड दुकानदाराकडे नसतो, सर्व्हिसला येणाऱ्या माणसाकडे असतो. मशीन बदलायचं ठरलं की त्यालाच बोलवायचं आणि आपल्यासमोर डिस्क पुसायला किंवा काढून द्यायला सांगायचं.